माऊसवर कुणाचा हात

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या बाईचं आडनाव किती तऱ्हांनी लिहिलं गेलंय हे बघायचं असेल, तर तिचे सगळे कागद एका रांगेत मांडावेत. रेशन कार्डावर येमूल, विडी कारखान्याच्या नोंदीत यमूल, आधारवर इंग्रजीत तिसरंच काहीतरी. यातलं एकही तिनं स्वतः लिहिलेलं नसतं. खिडकीपलीकडच्या माणसानं नाव विचारलं, हिनं सांगितलं, त्यानं ऐकू आलं तसं उतरवलं. तेलुगू आडनाव, मराठी कान आणि इंग्रजी स्पेलिंग. हे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या वेगवेगळ्या कपाटांत होते तोवर कुणाचं काही अडत नव्हतं. आता ते सगळे आधारच्या नंबरला जोडले गेले आणि एक अक्षर जुळलं नाही की पीएफ अडकतो, पेन्शन अडकते, मुलीची शिष्यवृत्ती अडकते. तीस-पस्तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईला सांगितलं जातं की कागदावरची ती बाई तू नाहीस.

मी टायपिंग शिकवणारी. उमेदीची वर्षं टाइपरायटरच्या खडखडाटात गेली. पुढं मशीनं जाऊन कॉम्प्युटर आले, तशी मीही त्यावर आले. इन्स्टिट्यूटमधून मोकळी झाल्यापासून पूर्व भागातल्या एका समाजमंदिरात बायकांचा आणि मुलींचा कॉम्प्युटरचा वर्ग घेते. देणगीत आलेले जुने डेस्कटॉप आहेत, एक प्रिंटर आहे, नेट शेजारच्या दुकानदारानं दिलंय. फी नाही, सर्टिफिकेटही नाही. कागद घेऊन यायचं आणि त्या कागदाचं काम करता करता शिकायचं, अशी रीत आहे. तिथं शिरल्या शिरल्या मी आधी बघते ते कुठल्या माऊसवर कुणाचा हात आहे.

सोलापूर एका भाषेचं गाव कधीच नव्हतं. ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेला जानेवारीत अख्खं शहर लोटतं, त्यांची वचनं कन्नडात आहेत. निजामाच्या मुलुखातून, करीमनगर, वरंगल, नलगोंडा या भागांतून पद्मशाली विणकर इथं आले आणि मागावर बसले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रस्त्यावर तेलुगूच ऐकू येते. विजापूर वेस, बेगम पेठ, नई जिंदगी इकडं दखनी उर्दू. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांची नावं तर इथल्या लहान मुलालाही पाठ असतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. आम्ही सोलापूरकर हे सगळं फार अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. राज्यघटनेच्या ३५०अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं म्हटलंय, आणि इथं महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगूतूनही चालत आल्या. पण शाळेतून बाहेर पडलेल्या त्या मुलीला पुढच्या आयुष्यात जो जो फॉर्म भरायचा असतो, तो मराठीत नाहीतर इंग्रजीत असतो. लाडकी बहीण असो, ई-श्रम असो, रेशनची केवायसी असो. शहराच्या भाषणांत चार भाषा आहेत, शहराच्या खिडकीवर नाहीत.

सरकारी प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं, सहा कोटी कुटुंबांतल्या एकेकाला वीस तासांत तोंडओळख करून द्यायची होती. नावातच ग्रामीण आहे. विडी घरकुलातली, शास्त्री नगरमधली, सेटलमेंटमधली बाई शहरात राहते म्हणून त्यात बसत नव्हती. शहरात एमएस-सीआयटी आहे. चांगला कोर्स आहे, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्यानं नोकरी दिली. पण तो नोकरीच्या वाटेवर असलेल्यांसाठी आहे, त्याला फी आहे, परीक्षा आहे. दिवसाला हजार विड्यांच्या हिशोबावर जगणारी बाई त्या वाटेवर नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचं सांगितलं, बायकांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के निघालं. माझ्या वर्गात या ३३ च्या बाहेरच्या बायका असतात.

वर्गाची वेळ त्यांनीच ठरवली. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस बांधलेला असतो. सकाळी कालचा माल कारखान्यात द्यायचा, मोजून घेतात, खराब निघालेल्या बाजूला काढतात. पान-तंबाखू घेऊन घरी यायचं, पानं भिजवायची, कातरायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. त्यामुळं वर्ग रात्रीच्या स्वयंपाकाआधीच्या तासाभरात. सकाळी अकराला प्रशिक्षण ठेवून 'बायका येत नाहीत' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की ती वेळ कुणाला विचारून ठरवली.

मी आयुष्यभर बोटं बघत आले. टायपिंगला बसलेल्या मुलाच्या बोटांवरून मला तो टिकणार की नाही कळायचं. या बायकांच्या बोटांइतकी चपळ बोटं मी इन्स्टिट्यूटमध्ये पाहिली नाहीत. पानात चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक आत दुमडलं, दोऱ्याचे दोन फेरे, झाली विडी. आणि नजर पानावर नसतेच. तीच बोटं माऊसवर आली की लाकडासारखी होतात. त्याच बोटांचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर लागत नाही, कारण पानं कातरून कातरून रेघा झिजल्यात. चेहऱ्यानं किंवा डोळ्यांच्या बुबुळानं ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे. पण ती आहे हे माहीत असायला लागतं आणि मागायला लागते. मागायची कशी हे आम्ही वर्गात घोकून घेतो, अगदी वाक्य पाठ करून.

पहिल्या काही दिवसांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. बाई बसते, बाण पडद्यावर कुठंतरी हरवतो, ती थबकते. शेजारचा मुलगा, कधी तिचाच, पुढं होतो. "सरक ग आई, मी करतो." आणि तो करतोही, दोन मिनिटांत. बाई हात मांडीवर घेऊन बघत बसते. माझ्या वर्गात याला बंदी आहे. सांगायचं ते तोंडानं, दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. एका फॉर्मला अख्खा तास गेला तरी चालेल. सुरुवातीला त्यांनाही हे पटत नाही. "मॅडम, तुम्हीच भरून द्या की, काय होईना गेलंय आमच्याकडनं," असं एक मावशी रोज म्हणायच्या. मी भरून दिला असता तर मी त्यांच्या आयुष्यातली आणखी एक खिडकी झाले असते, जरा प्रेमळ, पण खिडकीच.

खिडक्यांना तोटा नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला फॉर्म भरणारा, झेरॉक्सवाला, गल्लीतला कॉम्प्युटर येणारा पोरगा. यातले बरेचजण भले असतात, रांगेत उभ्या बायकांना पाणीही देतात. पण बाईचा आधार नंबर त्याच्या वहीत, पासबुकाचा फोटो त्याच्या फोनमध्ये, आणि कैक वेळा आधारला जोडलेला मोबाईल नंबरही त्याचाच. कारण फॉर्म भरताना तिच्याकडं फोन नव्हता, त्यानं स्वतःचा टाकला. पुढं ओटीपी येतो तो त्याला. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा पूर्व भागात रांगा लागल्या होत्या. २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि बाईच्या स्वतःच्या ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागितला गेला. नवरा वारलेला, वडील तर कधीचेच गेलेले, अशी बाई त्या पानासमोर बसून मला विचारते, "अता कुणाचा देऊ?" तिला त्या क्षणी मी काय शिकवणार होते? त्या दिवशी आम्ही फॉर्म सोडला आणि तक्रार लिहायला घेतली. मराठीत, तिच्या शब्दांत, तिनं एका बोटानं टाइप केलेली. तक्रार लिहिता येणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

आता कीबोर्डाबद्दल, कारण त्यावर माझा जीव आहे.

जुन्या टाइपरायटरवर मराठी टाइप करायला शिकताना अक्षरांचे तुकडे लक्षात ठेवावे लागायचे. अर्धं अक्षर इथं, त्याचा काना तिथं. बोटांनी चित्र जोडल्यासारखं ते काम होतं आणि ते फक्त मराठी-हिंदीपुरतं उपयोगी होतं. इनस्क्रिप्ट नावाची मांडणी वेगळी आहे. १९९१ च्या भारतीय मानकात ती नक्की झाली, विंडोज असो की लिनक्स, फुकट मिळते. डाव्या हाताखाली बहुतेक स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. इंग्रजी के लिहिलेल्या बटणावर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. आय वर ग, शिफ्टबरोबर घ. वर्णमाला पाठ असलेल्याला ती लगेच उमगते. पण तिची खरी गंमत सोलापूरसाठीच आहे असं मला वाटत आलंय: तीच मांडणी तेलुगूला, तीच कन्नडला. लिपी बदलते, बटणाची जागा बदलत नाही.

हे मला माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका संध्याकाळी तीन पडदे शेजारी शेजारी लावले. एकावर तेलुगू, एकावर कन्नड, एकावर मराठी. एक विडीवाली अक्का, एक अक्कलकोटकडून लग्न होऊन आलेली लिंगायत घरातली सून, आणि बारावीची एक मुलगी. तिघींना म्हटलं, के, सी, एन ही तीन बटणं दाबा. तीन पडद्यांवर तीन लिप्यांत 'कमल' उमटलं. मग शिफ्ट धरून एन, तर ळ. तो हिंदीच्या रोजच्या लिहिण्यात नाही, पण आम्हा तिघांच्याही भाषांत आहे. अक्का खुर्चीतून उठून दोन्ही शेजारणींच्या पडद्यांकडं बघून आल्या आणि परत आपल्या जागी बसून त्यांनी स्वतःचं आडनाव तेलुगूत लिहिलं. शाळेत चौथीपर्यंत तेलुगू शिकलेल्या, त्यानंतर ती लिपी हातानं कधी लिहिली नव्हती. मग तेच मराठीत लिहिलं. मग मला म्हणाल्या, "मॅडम, बरोबर असं आहे. ह्या सगळ्या कागदांवर चूक आहे." त्या आडनावाचं बरोबर रूप कुठलं, हे त्या कुटुंबात पहिल्यांदा कुणीतरी स्वतः ठरवून सांगितलं होतं. पीएफच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करायच्या अर्जात, जॉइंट डिक्लरेशनमध्ये, आम्ही तेच लावून धरलं.

हल्ली कुणीही म्हणेल, कीबोर्ड कशाला, फोनवर बोललं की लिहून येतं. येतं, आणि मी तेही शिकवते. पण इथल्या घरांतली तेलुगू हैदराबादची नाही. तिच्यात मराठी क्रियापदं मिसळलीत, सुरावट वेगळी आहे, आणि फोन तिला भलत्याच शब्दांत उतरवतो. स्वतःच्या बोलीला फोन समजत नाही म्हणून बायका फोनशी बोलताना आवाज बदलतात, टीव्हीवरच्या बाईसारखं बोलायला जातात. ते मला बघवत नाही. बटणाला बोली कळायला लागत नाही.

उर्दूची गोष्ट न्यारी. ती लिपी इनस्क्रिप्टच्या या कुटुंबात बसत नाही, तिला वेगळी मांडणी लागते आणि कर्सर उजवीकडून डावीकडं पळतो. नई जिंदगीतून येणाऱ्या एका बाजींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हरखून गेल्या: "हौ, ये तो सीधा चल रहा!" उर्दू माध्यमात शिकलेल्या बाईला आजवरचा प्रत्येक कॉम्प्युटर उलटा चालत आला होता. उर्दू मला वाचता येत नाही, त्यामुळं त्या कोपऱ्याची मास्तरीण त्याच आहेत. मुलांचे शाळेला द्यायचे अर्ज त्या उर्दूत लिहितात, खाली मराठीत तर्जुमा जोडतात, आणि मराठीच्या काना-मात्रांसाठी शेजारच्या कैकाडी मुलीला हाक मारतात.

त्या मुलीबद्दल सांगायलाच हवं. ती सेटलमेंटमधली. बाहेरच्यांसाठी थोडं मागचं: इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत करून कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींची कुटुंबं त्यात ठेवली. हजेरी द्यायची, परवानगीनं बाहेर जायचं, गिरणीत राबायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेलं, वस्तीचं नाव सेटलमेंटच राहिलं, आणि पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा अजून बदलतो. तिच्या घरी कैकाडी बोलतात, द्राविड कुळातली बोली, स्वतःची लिपी नाही. ती देवनागरीत लिहिते. आजीकडून ऐकलेली गाणी तिनं वर्गातल्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये उतरवायला घेतलीत, मी सांगितलेलं नसताना.

तिला जातीचा दाखला काढायचा होता. विमुक्त-भटक्यांना त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आज्याची हजेरी सरकारनं रोज घेतली त्यांच्याकडं सरकार वास्तव्याचा पुरावा मागतं, हे मला आजही नीट सहन होत नाही. कितीतरी कुटुंबं त्या तारखेपाशीच थांबतात. हिला आज्याच्या भावाचा जुना शाळेचा दाखला सापडला, विरलेला, घडीवर फाटलेला. तो स्कॅन करणं, पोर्टल मागेल तेवढ्या केबीत बसवणं, वंशावळ टाइप करणं, सगळं तिनं केलं. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज गेला आणि मुदत उलटली तरी पुढं सरकेना. पूर्वी इथं घरचे सांगायचे, कुणालातरी भेट, काहीतरी दे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोगाकडं जाता येतं. हे वर्गात मी एकदा नुसतं फळ्यावर लिहिलं होतं. तिनं अपील केलं. दाखला आल्यावर तिनं प्रिंटरवर त्याच्या दोन प्रती काढल्या आणि एक वर्गात ठेवायला दिली, पुढच्या मुलींना नमुना म्हणून.

केरळात २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात अक्षय नावाचा प्रकल्प सुरू झाला. घरटी एकाला कॉम्प्युटर शिकवायचा, आणि केंद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असायचं. मुस्लिमबहुल, आखातात माणसं गेलेला जिल्हा. बायका शिकायला आल्या त्या बऱ्याचशा नवऱ्याशी, मुलाशी नेटवर बोलता यावं म्हणून. देशातला पहिला ई-साक्षर जिल्हा म्हणून तो नावाजला गेला. मला त्यातलं पटतं ते घरटी एक हे गणित आणि ते अंतर. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती. गल्लीगल्लीत पोचण्याइतकं हे शहर लहान आहे. संगणक कक्ष असलेल्या किती शाळा इथं आहेत आणि त्यांतले किती कक्ष संध्याकाळी कुलपात असतात, हे पूर्व भागातून चालत गेलं तरी दिसतं.

शिकवणारा मात्र बाहेरून आणू नये. मी स्वतः बाहेरची आहे, म्हणून हे ठामपणानं म्हणते. मला तेलुगू येते ती बाजारापुरती. 'पासवर्ड कुणाला सांगायचा नाही' हे मी दहा वेळा मराठीत सांगितलं तरी ते एक सूचना म्हणून ऐकलं जातं. तेच अक्कांनी तेलुगूत, शेजारच्या गल्लीतल्या कुणाचे पैसे कसे गेले ते सांगत सांगितलं की बायका घरी जाऊन पासवर्ड बदलतात. सध्या वर्गाचा निम्मा भाग अक्का, बाजी आणि ती कैकाडी मुलगी घेतात. त्यांना मानधन मिळायला हवं, सेवा म्हणून टाळ्या नकोत. सूप बाजूला ठेवून आलेल्या बाईचा एक तास म्हणजे तेवढ्या विड्यांची मजुरी असते, आणि प्रशिक्षणाच्या योजना आखणारे मशीनचा, नेटचा, बॅनरचा खर्च धरतात तेव्हा हा तास धरायचा विसरतात.

पुढच्या महिन्यात अक्का विडी घरकुलात दुसरा वर्ग सुरू करतायत. जागा मिळालीय, तिथल्याच एका बाईनं घरची पुढची खोली दिलीय. दोन कॉम्प्युटर इथून जातील, आणखी दोन लागतील. कुणाकडं चालू स्थितीतले पडून असतील तर द्यावेत. आणि कुणी कन्नड वाचता-लिहिता येणारी, निवृत्त झालेली शिक्षिका ही ओळ वाचत असेल तर तिनं जरूर यावं. त्या लिंगायत सुनेबरोबर आता तिच्या दोन जावा यायला लागल्यात, आणि त्यांचे सातबाऱ्याचे जुने उतारे कन्नडात आहेत.